कॅमेरा कोणता घ्यायचा? आधी शूट कोणतं ते सांगा



व्हिडिओच्या कामात नव्याने आलेली मुलं-मुली आम्हांला भेटतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कॅमेरा कोणता घेऊ?" आमचा उलट प्रश्नही ठरलेला असतो, "कशासाठी?" त्यावर पुष्कळदा उत्तर येतं, "सगळ्यासाठीच." अडचण नेमकी इथे आहे. सगळ्या शूटना पुरेल असा कॅमेरा अजून कुणी बनवलेला नाही. लग्नात हुकमी वाटणारा कॅमेरा अडीच तासांच्या नाटकाला कुचकामी ठरू शकतो. जाहिरातीच्या सेटवर राजा असलेला कॅमेरा वारीत चालताना खांद्याला धोंडा होतो.

यात पणाला काय लागतं ते आधी सांगतो. कॅमेऱ्याची बॉडी आणि एखादी बरी लेन्स म्हटली की खर्च दोन-तीन लाखांत सहज जातो. घरचं सोनं गहाण टाकून किंवा हप्त्यावर घेणारे कितीतरी जण आहेत. हप्ता दर महिन्याला येतो, काम दर महिन्याला येतंच असं नाही. ही झाली आपली बाजू. दुसरी बाजू ज्याचं शूट आहे त्याची. मंगलाष्टका एकदाच होतात. ऐंशी वर्षांच्या कलावंताची मुलाखत पुढच्या वर्षी घेऊ असं म्हणता येत नाही. म्हणजे साधन चुकीचं निवडलं तर एक तर आपलं घर अडचणीत येतं, नाहीतर दुसऱ्याची आठवण कायमची जाते. म्हणून आज मॉडेलांची यादी वाचत नाही. ती सहा महिन्यांत जुनी होते. निवडायचं कसं, तेवढं सांगतो.

दुकानात जाण्यापूर्वीचे चार प्रश्न

आम्ही कुठल्याही शूटच्या आधी कागद घेऊन चार प्रश्नांची उत्तरं लिहितो.

पहिला: या शूटमध्ये काय पुन्हा मिळणार नाही? दुसरा: कॅमेरा सलग किती वेळ चालवायचा आहे? तिसरा: उजेड कुणाच्या हातात आहे, आपल्या, दुसऱ्या कुणाच्या, की सूर्याच्या? चौथा: हे शेवटी कुठे दिसणार आहे, मोबाइलवर, टीव्हीवर, की थिएटरच्या पडद्यावर?

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात मेगापिक्सेल, फोर-के, सिक्स-के असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. या चारांपैकी एका प्रश्नाचं उत्तरही त्या मोठ्या अक्षरांत नसतं. ते आतल्या पानावर, बारीक टाइपात असतं. आता एकेक प्रकारचं शूट घेऊ.

लग्न: अंतरपाट एकदाच बाजूला होतो

लग्नात पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे "जवळजवळ सगळंच." अंतरपाट बाजूला होतो तो क्षण दोन-तीन सेकंदांचा. गुरुजींना "पुन्हा एकदा धरा" असं सांगता येत नाही. म्हणून लग्नाच्या कॅमेऱ्यात पहिली गोष्ट बघायची ती कार्डाच्या दोन खाचा, आणि दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्डिंग होण्याची सोय. कार्ड हे इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे, कधीतरी दगा देणारच. त्या दिवशी दुसऱ्या कार्डावर तेच फुटेज असलं की झोप लागते. याच न्यायाने बॉडीही दोन हव्यात. एक साडेतीन लाखांची घेण्यापेक्षा दीड-दीड लाखाच्या दोन घ्या, असं आम्ही लग्नाचं काम करणाऱ्यांना नेहमी सांगतो.

दुसरी गोष्ट ऑटोफोकस. चेहरा आणि डोळे ओळखून धरून ठेवणारा ऑटोफोकस लग्नात लागतोच, कारण माणसं थांबत नाहीत आणि फोकस ओढायला वेगळा माणूस नसतो. पण अक्षता पडायला लागल्या की ऑटोफोकस चेहरा सोडून तांदळाच्या मागे धावू शकतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत फोकस किती चटकन हलावा याची सेटिंग असते. मंगलाष्टकांच्या वेळी ती मंद ठेवायची. दुकानात कॅमेरा बघाल तेव्हा ही सेटिंग आहे का, ते मुद्दाम विचारा.

तिसरी गोष्ट उजेड. गोरज मुहूर्त म्हणजे मावळतीचा प्रकाश आणि हॉलचे दिवे यांची मिसळ, शिवाय दर पाच मिनिटांनी बदलणारी. इथे फुल फ्रेम सेन्सर कामाला येतो. तो ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. मायक्रो फोर थर्ड्स प्रकारातला सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटरचा. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर फुल फ्रेम जवळजवळ चौपट भरतो. पावसात मोठं भांडं जास्त पाणी धरतं तसंच आहे हे.

हॉलमधल्या लुकलुकणाऱ्या पट्ट्यांचं कोडंही इथेच सोडवू. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे बरेचसे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटर १/५० ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन झपके येतात, १/१०० ठेवलं तर एक. हिशेब पुरा बसतो. १/६० ठेवलं की पावणेदोनच्या आसपास झपके येतात, फ्रेमगणिक उजेड वेगळा पडतो आणि चित्रावर पट्ट्या सरकतात. म्हणून आपल्या देशात २५ किंवा ५० फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० हे सुरक्षित. २४ फ्रेमवर शूट करायचं असलं तरी शटर १/५० च ठेवा. मंचामागच्या एलईडी भिंतीची गोष्ट मात्र निराळी. तिची लुकलुक वेगळ्या वेगाची असते. त्यासाठी शटर अगदी बारीक टप्प्यांनी बदलता येईल असा कॅमेरा लागतो.

मुलाखत: पैसे आधी आवाजाला

मुलाखतीत उजेड आपल्या हातात असतो आणि माणूस एका जागी बसलेला असतो. म्हणजे कॅमेऱ्यावरचा भार सगळ्यांत कमी. इथे पुन्हा न मिळणारी गोष्ट आहे बोलणं. चित्र थोडं मऊ असलं तरी प्रेक्षक बघतो. आवाज घुमत असेल तर दुसऱ्या मिनिटाला बंद करतो.

त्यामुळे एक लाख रुपये असतील तर सगळे कॅमेऱ्यात घालू नका. एक चांगला लेपल माइक, एक बूम माइक, आणि कॅमेऱ्याला नाहीतर स्वतंत्र रेकॉर्डरला एक्सएलआर जोडणी. अनेक बूम माइकना ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, ती आपल्या यंत्रातून मिळते का ते तपासायचं. आणि पंखा बंद करायला, कुकरची शिट्टी होऊन जाईपर्यंत थांबायला पैसे पडत नाहीत.

लेन्सबद्दल एक सावधगिरी. मागचं सगळं धूसर दिसावं म्हणून मंडळी ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.४ वर उघडतात. फुल फ्रेमवर, माणूस दोन मीटरवर असेल, तर फोकसमध्ये राहणारी जागा साधारण साडेचार सेंटिमीटर. आजोबा रंगात येऊन थोडे पुढे झुकले की डोळे फोकसबाहेर. तीच लेन्स एफ ४ वर ठेवली की जागा तेरा सेंटिमीटरच्या आसपास होते. मागचं तरीही पुरेसं धूसर राहतं.

इथे फोर-केचा खरा उपयोग कळतो. फोर-केची चौकट ३८४० बाय २१६० पिक्सेलची, एचडीची १९२० बाय १०८०. म्हणजे पिक्सेल चौपट. शेवटचा व्हिडिओ एचडीत द्यायचा असेल तर एकाच कॅमेऱ्यातून कमरेपासूनचा शॉट मिळतो आणि तोच कापून चेहऱ्याचा क्लोजही मिळतो. दुसरा कॅमेरा घ्यायला पैसे नसतील त्यांना हा मार्ग उघडा आहे.

नाटक आणि सभागृह: न थांबणारा कॅमेरा

नाटकाचं चित्रीकरण म्हणजे दुसऱ्या प्रश्नाची परीक्षा. सव्वा तासाचा अंक सलग चालतो. फोटोचे कॅमेरे व्हिडिओला वापरायची लाट आली ती २००८ नंतर, कॅनन फाइव्ह-डी मार्क टू आल्यावर. चित्र सुंदर, पण त्या पिढीतले बरेच कॅमेरे अर्ध्या तासाच्या आत रेकॉर्डिंग थांबवायचे. पुढच्या काही कॅमेऱ्यांत तर २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा मुद्दाम घातलेली असे. तीस मिनिटं चालणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेरा समजून जास्त आयातकर लागायचा, हे त्यामागचं कारण. आता ही मर्यादा बऱ्याच कॅमेऱ्यांतून गेली आहे, पण तापून बंद पडण्याची भीती आहेच. ज्या बॉडीत पंखा नाही तिच्यावर अडीच तासांचं नाटक सोपवताना दहा वेळा विचार करा.

नाटकाला आमची पहिली पसंती असते हातात धरायच्या, एक इंच सेन्सरच्या व्हिडिओ कॅमेऱ्याला. दिसायला जुनाट, पण झूम एकाच लेन्समध्ये लांबवर जातं, मोटरने सावकाश सरकतं, आवाजाच्या जोडण्या अंगातच असतात आणि यंत्र तासन्‌तास चालतं. त्याखाली फ्लुइड हेडचा भक्कम ट्रायपॉड हवा. लांब झूमवर ट्रायपॉडचा छोटासा झटकाही भूकंपासारखा दिसतो.

रंगमंचावर ऑटो एक्स्पोजर बंद. मागे काळे पडदे असतात. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो चित्र उजळ करतो आणि नटाचा चेहरा पांढरा फटक पडतो. चेहऱ्यावर हिशेब धरून हाताने एक्स्पोजर ठेवायचं. आवाजासाठी ध्वनियोजकाकडून थेट फीड घ्या, शिवाय एक माइक प्रेक्षागृहात ठेवा. हशा आणि टाळ्या नसतील तर नाटक मुकं वाटतं.

याच सभागृहातून थेट प्रक्षेपण करायचं असेल तर केबलकडे बघा. साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची नसते, आणि तिचं टोक धक्क्याने निसटतं. एसडीआय केबलवरून एचडी चित्र शंभर मीटरच्या आसपास नेता येतं आणि तिचं टोक पिळून बसतं. म्हणून दोन-चार कॅमेऱ्यांच्या थेट कामाला एसडीआय असलेला कॅमेरा घ्यावा लागतो. चित्राचा दर्जा सारखाच असला तरीही.

माहितीपट: वारीचा हिशेब

आता उजेड सूर्याच्या हातात. आळंदी ते पंढरपूर हे उदाहरण घेऊ. अडीच आठवड्यांहून अधिक चालणं, पाऊस, चिखल, गर्दी, आणि मुक्कामी चार्जिंगला जागा मिळेलच असं नाही. इथे वजन हाच पहिला निकष. दुपारनंतर हात भरून आला की आपण कॅमेरा उचलायचाच टाळतो, आणि नेमका तेव्हाच समोर काहीतरी घडतं. लहान बॉडी, एकच २४-१०५ सारखी झूम लेन्स, पावसाचं आच्छादन, आणि यूएसबीवरून पॉवर बँकने चार्ज होण्याची सोय. बस.

उघड्या माळावर एनडी फिल्टर हवाच. का ते बघा. भर उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/१०० ला ॲपर्चर एफ १६ लागतं, हा फोटोग्राफीतला जुना ठोकताळा. व्हिडिओचं शटर १/५० म्हणजे उजेड दुप्पट. ॲपर्चर एफ २.८ हवं असेल तर आणखी बत्तीसपट. एकूण चौसष्टपट उजेड अडवायचा आहे. लॉगमध्ये शूट करताना बरेच कॅमेरे आयएसओ ८०० च्या आसपास सुरू होतात, मग पाचशेपटीच्या वर. एनडी कॅमेऱ्याच्या अंगातच असेल तर एका बटणात काम होतं. नसेल तर लेन्सवर काच चढवा-उतरवा, आणि तेवढ्यात रिंगण सुरू होतं.

रिंगणात माउलींचा अश्व धावतो तेव्हा कॅमेरा झर्रकन फिरवावा लागतो. बहुतेक सेन्सर चित्र एकदम न वाचता वरून खाली ओळीओळीने वाचतात. वाचन संथ असेल तर फिरवताना खांब आणि पताका तिरक्या दिसतात. याला रोलिंग शटर म्हणतात. कॅमेरा घेण्यापूर्वी दुकानाच्या दारात उभं राहून रस्त्यावरच्या विजेच्या खांबावरून तो जोरात फिरवून बघा. खांब वाकला की समजायचं. टाळ-मृदंगाचा गजर टिपताना आवाज फुटतो, त्यासाठी ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर असेल तर फार बरं. त्यात आवाज मागाहून खाली आणता येतो. मात्र माइकच फाटला तर तोही काही करू शकत नाही.

आणि आता डेटा. सेकंदाला १०० मेगाबिट हा फोर-केचा नेहमीचा दर. म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ गिगाबाइट. रोज दोन तास शूट केलं तर ९०. अठरा दिवसांचे १,६२० गिगाबाइट. दोन प्रती हव्यातच, म्हणजे दोन टेराबाइटच्या दोन ड्राइव्ह. त्या दोन वेगवेगळ्या माणसांच्या पिशव्यांत ठेवायच्या. कॅमेरा ठरवताना हा खर्च त्याच कागदावर लिहा, कारण वरचा कॅमेरा म्हणजे बहुधा वरचा डेटा.

विमानाने जायचं असेल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवाव्या लागतात, आणि १०० वॅट-अवरच्या वरच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते. बाजारात ९८-९९ वॅट-अवरच्या बॅटऱ्या इतक्या का दिसतात, ते यावरून कळेल.

जाहिरात आणि कथापट: इथे विकत घेऊ नका

इथे प्रत्येक शॉट पुन्हा घेता येतो. उजेड आपला, वेळ आपला, फोकस ओढायला माणूस. म्हणून ऑटोफोकस, दोन कार्डं, वजन हे सगळं मागे पडतं. पुढे येतो रंग. ८ बिट चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १,०२४. रंगसंस्कार करताना ८ बिटचं संध्याकाळचं आकाश जिन्यासारखं तुटतं, १० बिटचं तग धरतं. चित्र मोठ्या पडद्यावर किंवा ओटीटीवर जाणार असेल तर कॅमेऱ्याबद्दल त्यांच्या अटीही असतात. त्या आधी मागवून घ्या.

असा सिनेमा कॅमेरा भाड्याने घ्यावा. हिशेब सोपा आहे. समजा बॉडीची किंमत तीन लाख आणि दिवसाचं भाडं तीन हजार. म्हणजे शंभर दिवसांचं काम असेल तर किंमत वसूल. वर्षाला पंधरा दिवस काम असेल तर सात वर्षं लागतील, आणि सात वर्षांत ती बॉडी कोण विचारणार? आमचा नियम असा: जे प्रत्येक शूटला लागतं ते विकत घ्यायचं, जे शूटप्रमाणे बदलतं ते भाड्याने. ट्रायपॉड, माइक, दोन दिवे, एखादी चांगली लेन्स, हे दहा वर्षं चालतं. बॉडी तीन-चार वर्षांत जुनी होते.

"मग लहान कॅमेऱ्यावर सिनेमा होतो तो कसा?" असं लगेच विचारलं जातं. २०१५ चा 'टँजरिन' आयफोन फाइव्ह-एसवर झाला. २०२३ चा 'द क्रिएटर' मुख्यतः सोनी एफएक्स३ वर झाला, जो लग्नाच्या शूटवरही दिसतो. दोन्ही खरं. पण 'टँजरिन'च्या फोनवर वेगळी ॲनामॉर्फिक लेन्स चढवलेली होती. 'द क्रिएटर'चा खर्च आठ कोटी डॉलरच्या घरातला, आणि त्या लहानशा बॉडीवर खास लेन्स आणि बाहेरचा रेकॉर्डर जोडलेला होता. त्यांनी तो कॅमेरा निवडला कारण लहान, हलका आणि अंधारात चालणारा कॅमेरा त्यांना हवा होता. स्वस्त मिळतो म्हणून नव्हे.

फाळक्यांची यादी

या विषयात आपल्याकडचाच एक मोठा धडा आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले ते विम्याची पॉलिसी गहाण ठेवून. म्हणजे कर्ज काढून साधन घेणारे आपण पहिले नाही. पण त्यांनी काय केलं ते बघा. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना गाठून माहितगारांचा सल्ला घेतला. विल्यमसन कॅमेरा घेतला आणि त्याच्याबरोबर फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही, कारण कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. नुसता कॅमेरा आणला असता तर तो इथे शोभेची वस्तू ठरला असता. आणि परत आल्यावर एकदम सिनेमाला हात घातला नाही. कुंडीतल्या रोपाची वाढ टिपणारी छोटी फिल्म केली, यंत्र हाताखाली आणलं आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला तो ३ मे १९१३ ला.

कर्जापेक्षा त्यांची ही शिस्त उचलण्यासारखी आहे. माहितगाराला विचारा. कॅमेऱ्याबरोबर जे जे लागतं त्या सगळ्याची किंमत धरा. जे काम करणार आहात त्याचा छोटा नमुना आधी करून बघा.

तेव्हा पुढच्या आठवड्यात कुणी कॅमेरा घ्यायला निघाला असाल तर दोन गोष्टी करा. गेल्या वर्षभरातली आपली कामं कागदावर मांडा, लग्नं किती, मुलाखती किती, कार्यक्रम किती. ज्याची संख्या सगळ्यांत मोठी, त्याच्या चार प्रश्नांना उत्तर देईल तो कॅमेरा आपला. मग तोच कॅमेरा दोन दिवस भाड्याने आणा आणि खऱ्या कामावर वापरा. हजार-दोन हजारांचं ते भाडं वाया जात नाही. दोन दिवसांनीही तो हातातून सोडवत नसेल, तर खुशाल घ्या. आणि कागदावर नीट उत्तरं आली नाहीत, तर आहे त्याच कॅमेऱ्यावर एक बरा माइक लावून आणखी सहा महिने काम करा. गिऱ्हाइकाला फरक पहिल्याच दिवशी ऐकू येईल.